ट्रेलरच्या नाकावरचं वजन

धमतरी रोडवरच्या माझ्या वर्कशॉपच्या पाटीवर 'यहाँ हर प्रकार की ट्रॉली का काम होता है' असं लिहिलेलं होतं. पेंटरनं आधी 'ट्रॉली का काम' एवढंच काढलं होतं. 'हर प्रकार' मी मागून घालायला लावलं, कारण पाटी लांब होती आणि जागा उरत होती. खरं म्हणजे मी जन्मभर एकाच प्रकारची ट्रॉली केली, ट्रॅक्टरमागे लावायची, धान आणि विटा वाहायची. लांबी गिऱ्हाईक सांगेल ती, रंग डब्यात उरला असेल तो. पण एक दिवस ती पाटी वाचून एक बाई आत आल्या, आणि त्या दोन शब्दांची भरपाई मला करावी लागली.

रायपूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी धंद्यातलं काही लिहा म्हणाले, तेव्हा एखाद्या चांगल्या कामाबद्दल लिहावं असं मनात होतं. पण चांगल्या ट्रॉलीबद्दल लिहिण्यासारखं काही नसतं. ती चालते, एवढंच.

बाईंचं नाव नलिनीबाई. पुरानी बस्तीत त्यांचं घर, नागपूरकर भोसल्यांच्या वेळेपासून रायपुरात असलेलं घराणं. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. आम्ही विदर्भातून आलेले, वडील रेल्वेत. त्यामुळे बाईंचं मराठी पुस्तकातलं आणि माझं असं, की ते ऐकून त्या आधी क्षणभर थांबत, मग उत्तर देत.

"हर प्रकारची ट्रॉली म्हणजे कारमागे लावायचा कॅरावान ट्रेलरसुद्धा का?" त्यांनी विचारलं.

मी कॅरावान कधी जवळून पाहिला नव्हता. "हव, काहून नाही?" मी म्हटलं. "चाकं हायेत न त्याले? मग झालं."

धंदा बंद केलेल्या एका टूरवाल्याकडून त्यांनी तो ट्रेलर जुना विकत घेतला होता. आत पलंग, छोटा ओटा आणि संडास. त्यांचे यजमान वसंतराव रेल्वेत वॅगन तपासणीस होते. निवृत्तीनंतर त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटलं. सगळं समजायचं, पण शब्द तोंडातून बाहेर यायला फार वेळ लागायचा, आणि आला तरी एखादाच. बाहेर कुठे न्यायचं तर त्यांच्या संडासाची पंचाईत व्हायची. दोन वर्षं ते घर आणि दवाखाना सोडून कुठेही गेले नव्हते.

"त्यांना घराबाहेर काढायचंय, भाऊ," बाई म्हणाल्या. "घर हलत नाही, म्हणून हलणारं घर घेतलं. मोठी डिझेल गाडी आहे आमच्याकडे, मी स्वतः चालवते. फक्त हे नीट जोडून द्या."

'हे' म्हणजे एक जड खोकं होतं. बाईंच्या परदेशातल्या भाच्यानं पाठवलेलं. आत एक खास हिच होता, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडायचा सांधा.

बाहेरच्यांसाठी थोडं समजावून सांगतो. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची म्हणजे भोकात भोक धरून एक खीळ घालायची. ट्रॅक्टर एवढा दांडगा असतो, की मागे काय लटकलंय याची तो फिकीर करत नाही. कारचं तसं नसतं. ट्रेलरचं नाक कारच्या मागे बसवलेल्या लोखंडी गोळ्यावर टेकतं. त्या वजनानं कारचा मागचा भाग बसतो आणि पुढचा उचलला जातो. आता वळणं आणि बरंचसं ब्रेक लागणं पुढच्या चाकांच्या भरवशावर, आणि तीच हलकी झालेली. म्हणून या हिचमध्ये पोलादाचे दोन लवचिक बार असतात. ते कारच्या मागून निघून ट्रेलरच्या नाकाखालून जातात आणि साखळ्यांनी वर ताणून बांधायचे असतात. बांधकामावरच्या एकचाकी गाडीचे दांडे उचलले की भार पुढच्या चाकावर जातो, तसाच काहीसा प्रकार. बार ताणले की कारच्या मागच्या चाकांवरचा भार थोडा पुढच्या चाकांवर जातो, थोडा ट्रेलरच्या चाकांवर. कमी ताणले तर उपयोग नाही. जास्त ताणले तर कारची मागचीच चाकं रस्त्यावरची पकड सोडतात.

हे मी आता सांगून राहिलो. तेव्हा मला यातलं 'साखळी ताणायची' एवढंच कळलं होतं.

खोक्यात एक इंग्रजी पुस्तिका होती. बाईंनी विचारलं, "हे वाचणार ना?"

"बाई, मी इतकी वर्षं ट्रॉल्या जोडून राहिलो. हे पुस्तक ज्यायनं कधी ट्रॉली पाहिली नाही त्यायच्यासाठी असते."

त्यांनी ती पुस्तिका पर्समध्ये टाकली. मला बरंच वाटलं.

खोक्यात सहा जाड वॉशरही होते. कुठेच लागेनात. मी मनाशी म्हटलं, कंपनीनं जास्तीचे दिलेले दिसतात. शेजारी बिसाहूचा चहाचा ठेला होता आणि त्याचं बाक एका पायानं डगमगायचं. सहाच्या सहा वॉशर मी त्या पायाखाली घातले. बाक एकदम पक्कं झालं. बिसाहूनं त्या दिवशीचा चहा फुकट दिला आणि मला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं.

काम चार दिवस चाललं. बाई सकाळी वसंतरावांना चाकाच्या खुर्चीतून आणून कडुनिंबाखाली बसवायच्या आणि ट्रेलरसाठी पडदे, पातेली, डबे आणायला गोल बाजारात जायच्या. वसंतराव माझं काम बघत बसायचे. मी अधूनमधून "काय साहेब, ठीक हाय न?" विचारायचो आणि उत्तराची वाट न बघता कामाला लागायचो. बोलता न येणाऱ्या माणसाला समजतही कमीच असणार, असं मी धरून चाललो होतो. ते मुद्दाम नव्हतं. पण होतं तसंच.

तिसऱ्या दिवशी ट्रेलरची पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या बसवायच्या होत्या. मी विचार केला, नाकावर भार पडतो हाच रोग असेल तर सगळं जड सामान मागे ठेवू, नाक आपोआप हलकं होईल. टाकी, बॅटऱ्या, गॅसचं सिलिंडर, सगळं मी पार मागच्या टोकाला पक्कं केलं. एवढा सोपा उपाय परदेशातल्या इंजिनियरांना कसा सुचला नाही, याचं मला नवल वाटत होतं.

तेवढ्यात वसंतराव बोलायचा प्रयत्न करू लागले. मान ताणली, डावा हात उचलला आणि मोठ्या कष्टानं म्हणाले, "मा... मागं."

मला वाटलं, तोंडावर ऊन आलं असेल. मी त्यांची खुर्ची चार हात मागे सावलीत सरकवली.

"मागं," ते परत म्हणाले. आवाज चढला होता.

मी खुर्ची आणखी मागे घेतली.

तिसऱ्यांदा "मागं!" झालं तेव्हा मी खुर्ची पार कंपाउंडच्या भिंतीला टेकवली आणि म्हटलं, "साहेब, आता याच्या मागं जागा नाही." त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोपले. मी हळूच पंखा त्यांच्याकडे वळवला आणि कामाला लागलो.

चौथ्या दिवशी साखळ्या ताणल्या. ट्रेलर जोडल्यावरही कारचा मागचा भाग बसला तर नाहीच, उलट थोडा वरच दिसत होता. मी बाईंना ट्रेलर सोडून त्याचं नाक दोन हातांनी उचलून दाखवलं. "पाहा, किती हलकं!"

बाईंनी विचारलं, "नाकावरचं वजन मोजलंत का? पुस्तिकेत लिहिलंय, मोजायला हवं."

"मोजलं," मी म्हटलं.

हे मी सरळ खोटं बोललो. गंमत म्हणून नाही, घाईत नाही. नाही म्हटलं असतं तर माझ्या अनुभवाला कमीपणा आला असता.

"मग उद्या चाचणी घेऊ," बाई म्हणाल्या.

"साहेबांले बी घ्या न संग," मी म्हटलं. "त्यायले बरं वाटन. काही होत नाही."

बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "नको. पहिल्यांदा आपण दोघंच जाऊ." यापुढे जे झालं त्यात मला सगळ्यात जास्त आठवतं ते हे, की मी साहेबांना घेऊन चला म्हटलं होतं.

सकाळी अभनपूरच्या दिशेनं निघालो. बाई चालवत होत्या, मी शेजारी. सुरुवातीला सगळं छान चाललं होतं. मी खिडकीतून कोपर बाहेर काढून बसलो होतो, म्हणजे ओळखीच्या कुणी पाहिलंच तर पुरतं पाहावं. रस्ता मोकळा झाला, बाईंनी वेग वाढवला. साठच्या आसपास असू. तेव्हा धानाच्या पोत्यांनी भरलेला एक ट्रक आम्हाला ओलांडून गेला आणि त्याच्या वाऱ्यानं ट्रेलर एका बाजूला ढकलला गेला.

मग तो दुसऱ्या बाजूला आला. परत पहिल्या. दर खेपेला जास्त. कारचं मागचं अंग ट्रेलर ओढेल तिकडे जायला लागलं. आरशात एकदा ट्रेलरची डावी बाजू दिसे, एकदा उजवी. मागून डबे-पातेली आदळल्याचा आवाज आला. समोरून एक बस येत होती.

"ब्रेक मारा!" मी ओरडलो. "बाई, जोरात ब्रेक मारा!"

बाईंनी ब्रेक मारला नाही. अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरलं, आणि मग डॅशबोर्डखालची एक छोटी दांडी डाव्या हातानं हळूहळू दाबली. त्या दांडीनं फक्त ट्रेलरच्या चाकांना ब्रेक लागतो. ती तिथे का आहे हे मी विचारलंच नव्हतं. मागून कुणीतरी शेपटी धरून ओढावं तसा ट्रेलर ताणला गेला आणि सरळ झाला. बस निघून गेली. बाईंनी गाडी कडेला घेतली आणि हँडब्रेक लावला.

मी उतरलो आणि पुलियाच्या, म्हणजे छोट्या पुलाच्या, कठड्यावर बसलो.

थोड्या वेळानं बाई म्हणाल्या, "तुम्ही सांगितला तसा जोरात ब्रेक मारला असता तर ट्रेलर कारला घेऊन उलटला असता. पुस्तिकेत चौकट करून लिहिलंय."

 मी उठून साखळ्या एकेक करून हातानं ओढून पाहिल्या.

बैलगाडीच्या वेगानं आम्ही अभनपूर गाठलं. एका राइस मिलबाहेर धर्मकाटा होता. ट्रक चढवून तोलायचा काटा. बाईंनी पुस्तिका उघडली आणि मी त्या सांगतील तसं केलं. आधी ट्रेलर पूर्ण काट्यावर, मग नाक काट्याबाहेर आणि फक्त चाकं काट्यावर. दोन वजनांतला फरक म्हणजे नाकावरचं वजन. एकूण वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं तरी ते असावं लागतं. ट्रेलर भरला चौदाशे किलो. नाकावर निघाले पन्नास.

काट्यावरच्या म्हाताऱ्यानं खिडकीतून डोकं काढून पाहिलं आणि पुस्तिका न वाचताच म्हणाला, "पाछू भारी हे भैया, उलार हो गे हे."

उलार म्हणजे बैलगाडीत मागे माल जास्त झाला की जू वर उचललं जातं, ते. खेड्यातल्या पाच वर्षांच्या पोट्ट्याला कळतं. मला ट्रेलर पाहिल्यावर कळलं नव्हतं, कारण त्याला पडदे होते.

बाई माझ्याकडे बघत होत्या. "मोजलं होतं म्हणालात."

"नव्हतं मोजलं, बाई."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "मला शंका आली होती. पण मी जन्मभर फळ्यावर शिकवलं, आणि तुम्ही हातानं काम केलेलं. म्हटलं, तुम्हालाच जास्त कळत असणार."

परत येताना 'पाछू, पाछू' माझ्या डोक्यात घुमत होतं. मागे. मागं. आणि सेजबहारच्या अलीकडे कुठेतरी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

संध्याकाळी मी पुरानी बस्तीत त्यांच्या घरी गेलो. वसंतराव पलंगावर टेकून बसले होते. मी समोर खुर्ची ओढली. "साहेब, तुम्ही त्या दिवशी मागं म्हणत होते, ते टाकीचं का?"

ते माझ्याकडे बघत राहिले. या खेपेला मी वाट पाहिली. भिंतीवरचं घड्याळ ऐकत बसलो. शेवटी त्यांचे ओठ हलले.

"वजन," ते म्हणाले. "मागं... वजन."

"हव साहेब. चुकलंच माझं."

ते अजून काही सांगायला धडपडत होते. चेहरा लाल झाला. बाई पाण्याचा पेला घेऊन पुढे झाल्या, तसा त्यांनी डाव्या हातानं तो बाजूला केला. आणि बाईंकडे बघत, माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले, "भिंत."

"भिंत? कसली भिंत?" बाईंना काही कळेना.

मलाच सांगावं लागलं. मी खुर्ची कशी तीनदा मागे सरकवली आणि शेवटी भिंतीला कशी टेकवली, ते सगळं. बाईंनी तोंडावर पदर धरला. त्या हसतात की रडतात ते मला समजेना. वसंतरावांचे खांदे हलत होते. अर्ध्या चेहऱ्यानं का होईना, ते हसत होते. मी हसलो नाही. मला तो हक्क नव्हता. पण घरी जाताना जरा हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून खुर्ची थेट ट्रेलरच्या नाकाशी. बाई पुस्तिका वाचून मराठीत सांगत, वसंतराव बोटानं वर, खाली, थांब अशी खूण करत, आणि मी दोघांचं ऐकत असे. टाकी आणि बॅटऱ्या चाकांच्या पुढे आल्या. साखळ्या दोन कड्या सैल केल्या. ते सहा वॉशर हिचच्या मुंडक्याचा कल ठरवण्यासाठी असतात, असं पुस्तिकेत निघालं. बिसाहू चार गिऱ्हाइकांना बाकावर बसवून चहा देत होता. मी त्यांना उठवलं आणि वॉशर काढून घेतले.

"का होगे?" बिसाहूनं विचारलं.

"कंपनीनं वापस मांगले," मी म्हटलं. खोटं बोलायची खोड एका दिवसात जात नाही. त्याच्या बाकाला मात्र नंतर नवा पाय लावून दिला.

मग माप. पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासूनची उंची ट्रेलर जोडण्याआधी मोजायची, जोडल्यावर मोजायची, बार ताणून परत मोजायची. आधी बत्तीस इंच होती. नुसता ट्रेलर जोडला की एक इंच वर गेली. बार ताणून ती बत्तीस आणि दोन सुतांवर आली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ट्रॉलीच्या धंद्यात मी सूतबित कधी पाहिलं नव्हतं, आमच्याकडे वीतभर इकडेतिकडे चालायचं. एक सूत चुकलं तर वसंतराव मान हलवायचे आणि मी सगळं खोलून पुन्हा बसवायचो. असं सात वेळा झालं. नंतर काट्यावर नाकाचं वजन दीडशेच्या वर भरलं.

दुसऱ्या चाचणीला वसंतराव पुढे बसले. मी नको म्हटलं, आधी आम्ही दोघं जाऊन येतो म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गप मागच्या सीटवर बसलो. तोच रस्ता, तोच वेग. मागून ट्रकचा हॉर्न आला तसं मी दारावरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं. ट्रक गेला. ट्रेलर जरासा दबला आणि सरळ चालत राहिला. वसंतरावांनी डोळे मिटून कान दिला होता, वॅगनची चाकं तपासताना देत असतील तसा. मग त्यांनी मान हलवली. हँडलचा एक स्क्रू माझ्या हातात आला होता, तो मी मुकाट्यानं खिशात घातला.

बाईंनी नकाशा पसरला आणि ओडिशाचा किनारा ठरला. निघायच्या दिवशी मी गाडीभोवती चार चकरा मारल्या, प्रत्येक पिन हातानं ओढून पाहिली, आणि शेवटी म्हणालो, "बाई, अजून एक आठवडा थांबता का?"

"काहून?" बाई म्हणाल्या. माझा शब्द त्यांच्या तोंडून ऐकून मी हरलोच.

मी एकच अट घातली, रोज सकाळी माप फोनवर सांगायचं. त्यांनी नेमानं पाळली. कुठे मुक्काम केला, काय पाहिलं, हे एक अक्षर नाही. "भाऊ, बत्तीस इंच दोन सूत." "पिना?" "ओढून पाहिल्या." मी ते शेडच्या भिंतीवर खडूनं लिहायचो. वाटेतल्या बलांगीरला दोन सूत, पुढे बौधला अडीच. त्या अडीचनं माझी जेवणाची वेळ घालवली.

पुढे एका सकाळी फोन आला आणि कुणीच बोलेना. नुसती घरघर. वाढत जायची, फुटल्यासारखी व्हायची, क्षणभर थांबायची, परत वाढत यायची. असल्या आवाजावर माझं आयुष्य गेलं आहे. मी उठूनच उभा राहिलो.

"बेअरिंग गेलं बाई!" मी ओरडलो. "गाडी साइडले घ्या! चाकाले हात नोका लावू, गरम असन!"

बिसाहू हातातली किटली तशीच घेऊन धावत आला. घरघर चालूच. लांबून बाईंचा आवाज आला, "अहो, बोला ना, ते घाबरलेत तिकडे." मग कुणीतरी फोन तोंडाशी नेल्यासारखं झालं आणि एक एक शब्द सुटा येत गेला.

"मिस्त्री... समुद्र... आहे."

मी समुद्र पाहिलेला नाही. चित्रात पाहिलाय, पण चित्राला आवाज नसतो. तो एवढा बोलतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"साहेब," मी म्हटलं, "माप राहू द्या आज. फोन जरा तसाच धरून ठेवा."

त्यांनी धरला. मी स्टुलावर बसलो, आणि बिसाहूनंही कान जवळ आणला.